बिनड्रायव्हरच्या गाडीला दिलेला सल्ला

५ नोव्हेंबर, सकाळी

आधी उशिराची माफी मागतो. कोणाची मागायची ते नक्की सांगता येत नाही, वहीचीच मागतो. नात शालू हिने दसऱ्याला ही डायरी हातात दिली आणि म्हणाली, आबा, रोज दोन ओळी लिहीत जा, डोक्यातली काळजी कागदावर उतरली की बीपीही उतरतं. त्याला महिना होऊन गेला. आधी पेन सापडेना. पेन सापडलं तर चष्मा सापडेना. मग कापूस वेचणी आली. मी वेचत नाही, पण वेचणारांकडे बघत बसायला कोणीतरी लागतं.

आजपासून रोज लिहायचं. खरं लिहायचं. कोणाला दाखवायचं नाही.

नाव राधाकिसन, मुक्काम राजूर. शिक्षण सातवी. म्हणजे परीक्षा दिली होती, निकाल आणायला गेलो नाही. घरात बायको आसराबाई, मुलगा कल्याण, सून दैवशाला. शालू ही कल्याणची मुलगी. ती पुण्याला ज्या कंपनीत आहे तिथे बिनड्रायव्हरची गाडी तयार करतात. गाडीत बसायचं, गावाचं नाव सांगायचं, गाडी आपली आपण जाते.

दिवाळीत तिने हे सांगितलं तेव्हापासून माझ्या छातीत धडधडतं. गाडी कोणाला धडकली तर लोकांनी धरायचं कोणाला? ड्रायव्हर असला तर त्याला खाली ओढून चार रट्टे देता येतात, लोकांचं समाधान होतं. इथे ओढायचं कोणाला? शालूला विचारलं. ती म्हणाली, आमचे सरसुद्धा हेच विचारतात. म्हणजे सरांचं आणि माझं डोकं एकाच दिशेने चालतं. हे चांगलं आहे. तरी धडधड थांबली नाही.

६ नोव्हेंबर

शालूचा फोन. त्यांच्या कंपनीत लोकांची मतं गोळा करणं चालू आहे. शहरातल्यांची भरपूर झाली, खेड्यातली कमी पडतात. ब्रेक फेल झाला आणि कोणालातरी लागणारच असं झालं, तर गाडीने कोणाला वाचवायचं, अशी ती मतं. तिने विचारलं, तुमचं मत घेऊ का? मी म्हणालो, घे की. कंपनीला अडचण आली असेल तर मी आहे.

आसराबाई मेथी निवडत होती. तिने विचारलं काय म्हणते पोरगी. मी सांगितलं, कंपनीचं काम आहे, तुला कळायचं नाही. तिने मेथीची जुडी आपटली. बहुतेक माती झटकायला.

८ नोव्हेंबर, चतुर्थी

गणपतीला गर्दी. मी सकाळपासून चौकात उभा राहून रस्त्याचा अभ्यास केला. सल्ला द्यायचा तर अभ्यास पाहिजे.

एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडे गाड्या ब्रेकवर चालत नाहीत, मानेवर चालतात. समोरचा मान हलवतो म्हणजे तू जा. हनुवटी वर करतो म्हणजे मी जातो. तोंड फिरवतो म्हणजे आता कोणी कोणाचं नाही. बिनड्रायव्हरच्या गाडीला मान कुठून आणायची? लगेच शालूला फोन लावला. ती म्हणाली, हा मुद्दा खराच आहे आबा, लिहून ठेवते.

लिहून ठेवते म्हणाली. माझा शब्द पुण्याला लिहून ठेवतात.

संध्याकाळी कल्याण कुरकुरला, की मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो आणि जालन्याच्या एका जीपने मला जवळजवळ घेतलंच होतं. हे खोटं आहे. जीप चुकीच्या बाजूला होती. मधोमध मी थोडाच होतो.

१० नोव्हेंबर

मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

सर्जेरावच्या हॉटेलात बसलो असताना शालूचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकर लावला. हे गावाचं मत आहे, एकट्याने चोरून कशाला द्यायचं. सर्जेरावने भट्टीवरून पातेलं उतरवलं. अण्णासाहेब, जे कधी कोणाचं ऐकत नाहीत, तेही सरकून बसले.

पहिला प्रश्न, एकीकडे कुत्रं आणि एकीकडे माणूस. सोपा होता. दुसरा प्रश्न, एकीकडे म्हातारा आणि एकीकडे तरणा. तरण्याला वाचवा असं सगळ्यांचं मत पडलं. सर्जेराव म्हणाला, म्हातारा म्हणून माझं नाव टाका, मी तयार आहे. अण्णासाहेब म्हणाले, असं कसं, वयाने मी मोठा, आधी मान माझा. दोघांची थोडी जुंपली. शेवटी दोघांनीही तो मान मला दिला, कारण दोघांपेक्षा मी मोठा. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी घेतला.

मग शालू हसत म्हणाली, "आबा, आता अवघड प्रश्न. एका बाजूला आपली आजी उभी आहे आणि दुसऱ्या बाजूला पाच अनोळखी माणसं. गाडीनं कुठं वळायचं?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आता चार माणसांत, चहाच्या हॉटेलात, स्पीकरवर, बायकोला वाचवा असं आपल्याकडे कोण म्हणतं? कोणीच म्हणत नाही. लग्नात बायकोच्या ताटात जिलबी वाढ म्हणालेल्या माणसाला गावाने वीस वर्षं सोडलं नाही. पण मी त्या भीतीने बोललो नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. मी तत्त्वाने बोललो.

मी म्हणालो, "अनोळखी माणसं आपल्या गावात आली म्हणजे ते पाहुणे. पाहुण्याला आधी."

वा वा झाली. अण्णासाहेबांनी मांडीवर थाप मारली. सर्जेरावने दुसरा चहा आपणहून दिला. शालूचं हसणं मात्र थांबलं. मग म्हणाली, बरं आबा, लिहिते.

घरी येताना छाती फुगली होती. आता कोणत्याही गावात बिनड्रायव्हरची गाडी शिरली तर तिला माहीत असणार की पाहुणा म्हणजे काय.

११ नोव्हेंबर

आसराबाई बोलत नाही. भाकरी वाढली, ठेचा वाढला नाही. मागितला तर ताटाच्या इतका काठावर ठेवला की अर्धा खाली पडला. थंडी सुरू झाली की तिचे गुडघे धरतात, ते असेल.

दुपारी. गुडघे नाहीत. दैवशालाने सांगितलं. सर्जेरावने बायकोला सांगितलं, बायकोने गिरणीवर सांगितलं, आणि आसराबाई दळण घेऊन गिरणीत गेली तेव्हा बायका तिच्यासाठी बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, या मावशी, आत या, रस्त्यात उभ्या राहू नका.

मी तिला शांतपणे समजावून सांगायचं ठरवलं. म्हणालो, हा नियम आहे, नियमात माणूस नसतं, ती जी आसराबाई रस्त्यात उभी आहे ती तू नाहीस, तो नमुना आहे.

तिने परातीतून मान वर केली नाही. "मंग नमुन्याच्या जागी तुम्ही उभं राह्यचं व्हतं," म्हणाली.

यावर देण्यासारखं उत्तर आहे. ते सकाळपर्यंत सुचेल.

१२ नोव्हेंबर

सुचलं नाही. उलट तिनेच दुसरा प्रश्न विचारला. गाडी कोण चालवून राह्यलं व्हतं? मी म्हणालो, कोणी नाही, तेच तर सगळं आहे, गाडीत कोणीच नसतं.

"कोणी न्हाई कसं? कुठं वळायचं ते तुम्हीच तर तिला सांगितलं."

मी बीपीची गोळी घेतली. नंतर आठवलं, सकाळीही घेतली होती. मग त्याची काळजी.

१३ नोव्हेंबर

आसराबाई आज भावाकडे गेली. तिचा भाऊ गोरक्षनाथ याची वस्ती भोकरदनच्या अलीकडे, ओढ्याच्या वर. त्याच्याकडे वेचणीला माणसं मिळत नाहीत, म्हणून मदतीला गेली. तसं ती म्हणाली नाही, पण दुसरं काय असणार. राजीखुशीने गेली. मोठी पिशवी नेली. गोळ्या नेल्या, गोधडी नेली. थंडीचे दिवस आहेत, गोधडी लागतेच. उशीही नेली, ते मला नीट कळलं नाही.

दोन दिवसांत येईल. मी काही विचारणार नाही. मोठ्या मनाने घ्यायचं ठरवलं आहे.

१६ नोव्हेंबर

ठराव: आपण फोन करायचा नाही. तिला गरज असेल तर ती करेल.

फोन केला. गोरक्षनाथने उचलला. म्हणाला, ताई रानात आहे. भर दुपारी केला होता, रानात असेल. संध्याकाळी पुन्हा केला, तरी रानात. मागे मात्र तिचा आवाज येत होता. ती कशाला तरी हसत होती. आमच्या घरात ती अशी हसल्याचं मला लवकर आठवेना. फोन ठेवल्यावर बराच वेळ आठवत बसलो.

१८ नोव्हेंबर

निर्णय घेतला. घोटाळा नियमात आहे, तर नियमच बदलायचा. शालूला फोन करून सांगितलं, माझं ते उत्तर खोड.

ती म्हणाली, उत्तर सगळ्यांच्या उत्तरांत मिसळलं, त्यावर नाव नसतं, आता वेगळं काढता येत नाही. मी म्हणालो, मग नवीन लिहून घे. आजी रस्त्यात दिसली की गाडीने थांबायचं. ती म्हणाली, थांबता येत नाही आबा, समजा ब्रेक फेल आहे. मी म्हणालो, ब्रेक फेल असलेली गाडी कंपनी रस्त्यावर आणतेच कशाला? ती म्हणाली, अहो, ते नुसतं समजा आहे.

"तुझ्या समजावरून तुझी आजी घर सोडून गेली," मी म्हणालो.

तिने हळूच विचारलं, की आबा, खरं सांगा, तुमच्या मनात काय होतं त्या वेळी? मी सांगितलं की रेंज जाते आहे. रेंज चांगली होती.

२० नोव्हेंबर

हॉटेलात जाणं बंद केलं. चहाने पित्त होतं. दुसरं कारण असं की सर्जेराव आता मला सगळ्यात शेवटी चहा देतो आणि म्हणतो, पाहुण्याला आधी. सगळे हसतात. अण्णासाहेब मला बिनड्रायव्हर म्हणतात. घरी जाताना कुठे वळायचं ते सांगू का, असंही म्हणतात.

घरी दैवशाला दिवसभर वेचणीला. स्वतःचा चहा स्वतः केला. दूध उतू गेलं. आसराबाई उतू जायच्या आधी फुंकर मारते, ती नेमकी केव्हा मारायची हे बाहेरून बघून कळत नाही.

आणखी एक काळजी. माझ्याच मताने म्हाताऱ्याला आधी उडवायचं ठरलं आहे. हे मी आसराबाईच्या भानगडीत विसरून गेलो होतो. आज किराणा आणायला रस्त्याने निघालो तर मागून एक पांढरी गाडी हळू होत होत माझ्याजवळ आली. आत कोण आहे ते काचेतून दिसेना. मला वाटलं, ओळखलं. मी नालीत उतरलो. काच खाली झाली आणि आतल्या माणसाने मंदिर कुठे आहे विचारलं. मी नालीत उभा राहूनच सांगितलं. धोतर आता कोण धुणार.

२३ नोव्हेंबर

उद्या आसराबाईला आणायचं, बिलकुल पक्कं. वाट बघण्यात अर्थ नाही. ती वाट बघत असेल.

कसं जायचं? कल्याण म्हणाला, मोटारसायकलवर मी सोडतो. मुलाच्या मागे बसून बायकोला आणायला जाणं शोभत नाही. गोरक्षनाथकडून कडबा आणायचा आहेच, तेव्हा ट्रॅक्टर मी नेतो. कल्याण नाही म्हणाला. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही हात लावला नाही, असं त्याचं म्हणणं. हे बरोबर नाही. पोळ्याच्या आधी मी अंगणात मागेपुढे केला होता. गोठ्याचा खांब तेव्हा आधीच कललेला होता.

कल्याण उद्या जालन्याला जाणार आहे. किल्ली खुंटीला असते.

तिच्यासमोर काय बोलायचं ते ठरवलं. थोडक्यात बोलायचं. रागवायचं नाही. चूक मान्य करायची, पण कोणाची ते बोलायचं नाही.

२५ नोव्हेंबर, दुपार

काल लिहिता आलं नाही. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे. उजवा हात शाबूत राहिला. लिहावं लागतं म्हणजे.

खरं लिहायचं असा नियम केला होता. प्रयत्न करतो.

जाताना ट्रॅक्टर उत्तम चालला. एकदाच बंद पडला. वस्तीवर पोचलो तेव्हा आसराबाई कापसाच्या ढिगापाशी बसून काडीकचरा निवडत होती. गोरक्षनाथने चहा दिला आणि विचारलं, "काय दाजी, रस्त्यानं आले का कडंकडंनं?" त्याच्या घरची सगळी हसली. आसराबाई हसली नाही.

तिने एवढंच विचारलं, "गाडीला सांगितलं का दुसरं?"

मी म्हणालो, सांगितलं. सगळ्या कंपनीत नियम फिरवला. शालूने माझ्यासमोर फिरवला. आता आजीला आधी.

हे खोटं होतं. ती माझ्या तोंडाकडे पुष्कळ वेळ बघत राहिली. मला वाटलं, कळलं. पण ती उठली, आत गेली, पिशवी आणि गोधडी घेऊन आली. कडबा भरायचा राहिलाच, मी म्हणालो तो नंतर नेऊ. ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली, नेहमी बसते तशी, एक हात लोखंडाला धरून. मी जिंकलो होतो. निघताना मी तिला म्हणालोही, की घर नुसतं पडलं आहे, दूध उतू जातं. तिने पदर तोंडाला लावला. हसली असावी.

वस्तीवरून ओढ्याकडे उतार आहे. उताराला लागलो आणि ओढ्यातून मेंढरं वर चढताना दिसली. सगळा कळप, रस्ता भरून. मी ब्रेक दाबला. ब्रेकच दाबला असं माझं म्हणणं आहे. कल्याणचं म्हणणं क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी सुटला. समोर मेंढरं, एका बाजूला ओढ्याचा कडा, दुसऱ्या बाजूला तूर आणि त्याच्या पलीकडे नांगरलेलं रान. आसराबाई म्हणाली, "अवो, अवो."

एवढं मला आठवतं. मग मी तुरीत पडलेलो होतो.

उडी मी ठरवून मारली नाही. हे देवाशपथ. तेवढा वेळच नव्हता. पाय आपोआप सुटले, हात आपोआप सुटले. शालू म्हणायची की गाडीला तसं नसतं, गाडीला वेळेच्या आधी सांगून ठेवावं लागतं. माणसाला कोणी आधी सांगून ठेवत नाही. तरी माझे पाय बरोबर माझ्याच बाजूला पडले.

मान वर केली तर ट्रॅक्टर चालला होता. स्टेअरिंगवर कोणी नाही आणि मडगार्डवर आसराबाई. मेंढरं आपण होऊन फाकली. ट्रॅक्टर तूर मोडत रानात शिरला, ढेकळांत हळू झाला, बांधाला नाक लावलं आणि गुरगुरत उभा राहिला. एकाही मेंढराला लागलं नाही. तिलाही लागलं नाही. तिने वाकून किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टर बंद केला.

माझं वजन उतरल्यामुळेच ट्रॅक्टर लवकर थांबला, असं एक मत मी डॉक्टरांसमोर मांडलं. डॉक्टर प्लास्टर भिजवत होते.

ती खाली उतरली, माझ्याजवळ आली, मनगट हातात धरून बघितलं आणि डोक्याचा रुमाल सोडून घट्ट बांधलं. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. बांधता बांधता म्हणाली,

"हाटेलात बोलले ते मला वाटलं लोकात बोलायचं म्हणून बोलले. मनात निराळं असंल."

मग ट्रॅक्टरवरून पिशवी काढली, गोधडी काढली आणि आल्या वाटेने चढ चढून भावाकडे गेली. मेंढरंवाला तिला वाट देऊन बाजूला झाला. मी कल्याण येईपर्यंत तुरीत बसून होतो.

२७ नोव्हेंबर

शालूचा फोन. तिला कल्याणने सगळं सांगितलेलं दिसतं. रडत होती. म्हणाली, चूक माझी आहे, मी आजीचं नाव घालायला नको होतं. आणि माझा जीव हलका व्हावा म्हणून असंही म्हणाली, की आबा, ती मतं कंपनीने वापरलीच नाहीत. ती गाडी अजून कंपनीच्या कंपाउंडमध्येच फिरते, माणूस चालतो तेवढ्या वेगाने. समोर कोणी आलं की उभी राहते. हवेत प्लास्टिकची पिशवी उडाली तरी उभी राहते. ती पुढे काय करेल हे अजून कोणी ठरवलेलं नाही.

म्हणजे माझ्या सांगण्यावरून कोणतीच गाडी कुठेच वळली नाही. मी इतके दिवस कंपनीला दोष देत होतो. आता तो कुठे ठेवावा कळत नाही.

३० नोव्हेंबर

गोरक्षनाथचा निरोप आला. फोनवर स्वतः बोलला, थट्टा नाही, दाजी नाही, सरळ बोलला. ताई म्हणते की पुण्याच्या गाडीशी तिचं काही घेणं नाही. उडी मारली त्याचंही ती मनावर घेत नाही, भेदरलं माणूस उडी मारणारच. पण हॉटेलात चार माणसांत जे बोलले ते चार माणसांतच मागे घ्या. तेवढं केलं तर ती येईल. गोरक्षनाथ म्हणाला, चतुर्थीला मी गणपतीला येणार आहे, हॉटेलापाशी थांबतो, कानाने ऐकतो आणि संध्याकाळी ताईला घेऊन येतो.

एवढंच. यात अवघड काही नाही. मला वाटलं होतं काहीतरी मोठं मागेल.

४ डिसेंबर

वाक्य तयार करतो आहे. पहिलं असं केलं, की गाडी पाहुण्यांकडे वळली तरी चालेल पण आसराबाईला धक्का लागता कामा नये. म्हशीसमोर दोनदा म्हणून बघितलं. मग मनात आलं, त्या पाच पाहुण्यांच्या घरीही कोणी मेथी निवडत बसलेलं असेल. त्यांना का उडवायचं? त्यांनी माझं काय केलं? शालू आणि तिचे सर एवढे शिकलेले लोक यात का अडकले ते आता कळलं. दिवसभर जेवण गेलं नाही.

मग ते सगळं सोडून दिलं. गाडी काढून टाकली, पाहुणे काढून टाकले. एवढंच म्हणायचं: त्या दिवशी मी चुकीचं बोललो, मला आसराबाई पाहिजे.

हे वाक्य लहान आहे. लहान असल्यामुळे विसरायची भीती नाही. फक्त शेवटचे शब्द म्हणताना आवाज बारीक होतो, म्हशीलासुद्धा ऐकू जात नाहीत. तीन दिवस आहेत. होईल.

७ डिसेंबर, चतुर्थी, दिवस मावळताना

दैवशालाने सकाळी घर सारवलं, आसराबाईची खाट झटकून ठेवली. कल्याण म्हणाला, आबा, सोबत येऊ का? मी म्हणालो, बोलायला सोबत कशाला.

हॉटेल भरलेलं होतं. अण्णासाहेब होते, बाकांवर दर्शनाची बाहेरगावची माणसं होती. गोरक्षनाथ पलीकडे पानाच्या टपरीला टेकून उभा होता. सर्जेरावने मला जागा करून दिली आणि हातात चहा दिला. आज पहिला दिला. काही हसला नाही. त्यालाही कोणीतरी सांगितलं असावं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "ऐका."

भजी तळणाऱ्यानेही झारा वर धरला. बाहेरगावची माणसंसुद्धा माझ्याकडे बघायला लागली. वाक्य तोंडात होतं. ते मी जिभेवर धरलेलं होतं.

मी म्हणालो, "चहात साखर कमी आहे."

सर्जेरावने साखर घातली. झारा खाली गेला. मी मागे वळून बघितलं तोपर्यंत गोरक्षनाथ टपरीपासून हलला होता. त्याने लांबून राम राम केला आणि गाडीकडे गेला.

आज पाहुणे फार होते. पाहुण्यांसमोर घरचं बोलणं बरं दिसत नाही. उद्या गर्दी नसेल. उद्या बोलतो. उद्या नाही तर परवा अण्णासाहेब एकटे असतात तेव्हा.

आसराबाई, गोरक्षनाथ आता वस्तीवर पोचला असेल. त्याने काय सांगितलं ते कळवा. काहीच सांगितलं नसेल तर तेही कळवा. तुम्हाला फोन लावता येत नाही, पण पोरांपैकी कोणीही लावून देईल. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागाच आहे. जल्दी निरोप द्या.